दीड लाखाचं यंत्र की नऊ हजारांचा कुकर?

प्रश्न: आम्ही चौघं चिंचवडला राहतो, दोघांचीही नोकरी आहे. हातात ९८,००० येतात. घराचा हप्ता ३४,०००, शाळेसकट घरखर्च ४६,०००, एसआयपी ८,०००. आठवड्यातून दोनदा जेवण बाहेरून मागवतो, त्याचे दर वेळी ७०० तरी होतात. चिरणं, ढवळणं, शिजवणं असं सगळं करणारं १,४५,००० रुपयांचं यंत्र डेमोत पाहिलं. १२ महिन्यांचा ‘नो कॉस्ट’ हप्ता आहे. गॅस वाचेल आणि पोळीभाजीच्या मावशींचे ४,०००सुद्धा. बँकेत ६०,००० आहेत. घ्यावं का?

उत्तर: आत्ता नको.

हप्ता बसतो १२,०८३ रुपयांचा आणि महिनाअखेर तुमच्याकडे उरतात १०,०००. वरच्या दोन हजारांसाठी एसआयपी थांबवाल, नाहीतर क्रेडिट कार्डाचं बिल अर्धंमुर्धं भराल. दुसरं जास्त वाईट. थकलेल्या रकमेवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं, शिवाय थकबाकी असेपर्यंत नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज सुरू होतं. साठ हजारांची गंगाजळी तर तुमच्या महिन्याच्या ८०,००० खर्चालाही पुरत नाही.

‘नो कॉस्ट’ हप्त्यात बँक व्याज लावतेच, विक्रेता तेवढी सूट आधी देतो इतकंच. १५ टक्के दर धरला तर तुमच्या हप्त्यांत सुमारे ११,१०० रुपये व्याज आहे. त्यावरचा १८ टक्के जीएसटी, म्हणजे २,००० रुपये, तुम्ही भरायचा, शिवाय प्रक्रिया शुल्क वेगळं. रोख घेतल्यास किती सूट, हे दुकानात विचारा. खरी किंमत तिथे कळते.

आता वाचणारे पैसे. यंत्र कणीक मळतं, पण पोळी लाटत नाही, भाजत नाही. मावशींना तुम्ही खरे पैसे देता ते त्या पोळ्यांचे, त्यामुळे ४,००० वाचणार नाहीत. फक्त भाजी बंद केली तर किती कमी घेतील, ते आधी त्यांनाच विचारा.

गॅसचंही गणित जुळत नाही. १४.२ किलोचं सिलिंडर ९०० रुपयांना धरलं तर किलोला ६३ रुपये पडतात. एका किलो गॅसमध्ये सुमारे पावणेतेरा युनिट उष्णता असते. शेगडीवर त्यातली निम्म्याहून थोडी जास्त भांड्याला लागते, म्हणजे सात युनिट. भांड्यात पोचलेलं एक युनिट नऊ रुपयांना पडलं. विजेचा दर १० रुपये असेल आणि थोडी उष्णता वाया जाते हे धरलं, तर तेच ११–१२ रुपयांना. पाइपच्या गॅसचं गणित बिलावरून वेगळं करा, पण खिसा भरेल एवढा फरक निघणार नाही.

मग उरतं फक्त बाहेरचं जेवण. घरी तेच जेवण २०० रुपयांत होत असेल तर एका वेळेला ५०० वाचतात. १,४५,००० वसूल व्हायला २९० जेवणं लागतील. आठवड्याला एक ऑर्डर टळली तर साडेपाच वर्षं. त्याऐवजी ६ लिटरचा इलेक्ट्रिक प्रेशर कुकर ९,००० रुपये आणि झाकणाची जास्तीची सिलिकॉन रिंग ५०० धरा. एकूण ९,५००, वसुली १९ जेवणांत. चिरायचं काम मात्र तुमच्याकडेच राहील, हे कबूल.

पण माळ्यावर गेलेला कुकर नऊ हजारांनाही महागच, आणि तो माळ्यावर जातो पहिल्या महिन्यातल्या चुकांमुळे. सर्वांत महागडी चूक म्हणजे सवयीने आतलं भांडं न ठेवताच तांदूळ-पाणी थेट कुकरमध्ये ओतणं. खालचं कॉइल आणि सर्किट भिजतं, आणि पाणी गेलेल्या यंत्राला वॉरंटी सहसा मिळत नाही. भांडं धुवायला काढलं की रिकाम्या जागेवर झाकण ठेवून द्या.

पहिल्या दिवशी नुसतं तीन कप पाणी घालून ५ मिनिटं प्रेशर लावा. झाकणाच्या कडेने वाफ निघाली तर रिंग नीट बसलेली नाही. मग भात. शिट्टीच्या कुकरमध्ये दुप्पट पाणी घालता, इथे वाफ बाहेर जात नाही, म्हणून धुतलेल्या एक कप तांदळाला सव्वा कप पुरे. प्रेशर ५ मिनिटं, पुढे १० मिनिटं झाकणाला हात लावायचा नाही. तूरडाळ अर्धा तास भिजवून, कपाला तीन कप पाणी, १० मिनिटं. डाळीची वाफ लगेच सोडली तर फेस व्हॉल्व्हमधून उडतो आणि तिथेच वाळतो. डाळ-तांदूळ अर्ध्या भांड्याच्या वर कधीच भरू नका.

‘बर्न’ असा इशारा आला तर बहुतेक वेळा मसाला तळाला चिकटलेला असतो. परतून झाल्यावर अर्धी वाटी पाणी घालून उलथन्याने तळ खरवडा, टोमॅटोची प्युरी वरून घाला आणि ढवळू नका. कच्चा राजमा ‘स्लो कुक’वर टाकू नका, मंद आचेवर त्यातला विषारी घटक जात नाही. भिजवलेला राजमा प्रेशरवरच २५ मिनिटं. इडलीला व्हॉल्व्ह उघडा ठेवावा लागतो. प्रेशर न आल्याने बऱ्याच मॉडेलमध्ये टायमर पुढे सरकतच नाही, तेव्हा १२ मिनिटं स्वतः मोजा.

आणि वेळेचा हिशेब नीट धरा. पडद्यावरच्या १० मिनिटांत प्रेशर यायची १० आणि उतरायची १० मिळवा, म्हणजे डाळीला अर्धा तास. शिट्टीच्या कुकरपेक्षा हा जलद नाही. फायदा एवढाच, की लावून तुम्ही मुलांचा अभ्यास घेऊ शकता. ऑफिसातून आल्या आल्या लावला तरच ऑर्डर टळते, भूक लागल्यावर नाही. रिंगला वास राहतो, म्हणून त्या मात्र दोन ठेवा. मटणाच्या रिंगवर खीर केली की घरातले कुकरलाच नावं ठेवतात.

तीन महिन्यांनी डिलिव्हरी ॲपमधल्या ऑर्डरी मोजा, आठवणीवर जाऊ नका. महिन्याला आठाच्या चार झाल्या असतील तर वाचलेले २,००० पगाराच्या दिवशीच रिकरिंगला लावा. गंगाजळी २,४०,००० म्हणजे तीन महिन्यांच्या खर्चाएवढी झाली आणि तरीही मोठं यंत्र हवंसं वाटलं, तर रोखीने घ्या. तेव्हा त्याचं भांडं किती लिटरचं आहे तेही बघा. सव्वादोन लिटरमध्ये चौघांची आमटी होते, गणपतीत आलेल्या दहा जणांची नाही.