आई विड्या वळते, तिची मान वर्षभरापासून दुखतेय. सोलापुरात चिनी सुयांचे उपचार घ्यावेत की व्यायाम करावा?

दोन्ही चालेल, पण पैसे मोजायच्या आधी व्यायाम. आई विड्या वळतात असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे मांडीवर सूप आणि तासन्‌तास खाली मान. ती बैठक बदलली नाही तर कुठलीच सुई पुरणार नाही. सूप उशीवर किंवा पाटावर उंच घ्या, पाठ भिंतीला टेकवा, अर्ध्या तासाने उठायला लावा.

अ‍ॅक्युपंक्चर म्हणजे या चिनी सुया अगदीच थोतांड नाहीत. 2015 साली ब्रिटनमधल्या 517 रुग्णांच्या चाचणीत नेहमीच्या उपचारांना त्याची जोड दिल्यावर वर्षभरानंतरही दुखणं थोडं कमी राहिलं. सुया मात्र एकदाच वापरायच्या, हे विचारून घ्या. कपिंगने, म्हणजे कातडीवर हवा काढलेले पेले चिकटवण्याने, अंगावर काळेनिळे वळ उठतात. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर नकोच.

मला खरा आवडतो तो ताई ची, म्हणजे संथ हालचालींचा चिनी व्यायाम. जर्मनीत 114 जणांवर 12 आठवडे प्रयोग झाला, तेव्हा ताई ची आणि मानेचे साधे व्यायाम जवळपास सारखेच ठरले. म्हणजे शिकवणारा मिळाला नाही तरी बिघडत नाही. हनुवटी सरळ मागे ओढून पाच सेकंद धरायची, खांदे मागे घेऊन पाठीची पाती जवळ आणायची, दहा-दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ.

(आपले सोलापूरचे डॉ. कोटणीस 1938 मध्ये चीनला गेले ते सर्जन म्हणून, सुया टोचायला नव्हे!)

हाताला मुंग्या, पकड ढिली किंवा चालताना तोल जात असेल तर हे सगळं बाजूला ठेवून आधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.