पहिलाच फिशिंग रॉड बनवतोय आणि धीर सुटतोय. धीर शिकता येतो का?

तुम्ही लिहिलंय की दोन महिने पहिल्या रॉडवर काम चाललंय, एकाच गाईडचा (गळाची दोरी ज्यातून जाते त्या कडीचा) धागा चार वेळा सोडून पुन्हा गुंडाळलात, आणि शेवटी धाग्यावर इपॉक्सी (दोन द्रव मिसळले की कडक होणारा लेप) लावलं ते तीन दिवसांनंतरही बोटाला चिकटतंय. धीर नसलेल्या माणसाने या कामात पडावं का, असा तुमचा प्रश्न आहे. जरूर पडावं. मी नाशिकचा. आतापर्यंत पाच रॉड पूर्ण केलेत, सहावा चालू आहे, म्हणजे मीही अजून शिकतोच आहे. पण पहिल्या रॉडच्या वेळी हाच प्रश्न माझ्याही डोक्यात होता, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी एक सांगतो. धागा चार वेळा सोडलात, याला मी अधीरपणा म्हणणार नाही. चूक दिसली आणि ती तशीच पुढे ढकलली नाहीत. ज्याला खरोखर घाई असते तो फट दिसूनही वरून इपॉक्सी फिरवतो.

माझा पहिला रॉड वडिलांसाठी होता. संधिवातामुळे त्यांच्या उजव्या हाताची बोटं पूर्ण मिटत नाहीत, आणि दारणेच्या काठी गळ टाकून बसल्याशिवाय त्यांचा रविवार रविवार नसतो. दुकानातल्या रॉडची बारीक मूठ त्यांना धरवत नव्हती. म्हणून अर्ध्या इंचाच्या कॉर्कच्या चकत्या एकमेकींना चिकटवून जाड मूठ करायचं ठरवलं. घासण्यात दोन रविवार गेले, पण कंटाळा आला नाही. थोडं घासायचं, वडिलांच्या हातात द्यायचं, कुठे टोचतं ते विचारायचं, परत घासायचं.

घोटाळा झाला तो शेवटच्या टप्प्यावर. जुलै महिना, बाहेर संततधार. सगळे गाईड बांधून झाले होते आणि मला रॉड लवकर वडिलांच्या हातात द्यायचा होता. रात्री इपॉक्सी लावलं आणि रॉड मोटरवर फिरत ठेवला. मोटर जुन्या मायक्रोवेव्हमधली, काचेची थाळी फिरवणारी, मिनिटाला पाच-सहा फेरे. (अशी मोटर हवी असेल तर दुरुस्तीवाल्याकडून काढून आणा, मायक्रोवेव्ह स्वतः उघडू नका. आतल्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही वीज साठलेली असते. आणि मोटर किती व्होल्टची आहे ते तिच्यावर वाचूनच जोडा.) तासाभरात वीज गेली. इपॉक्सी ओघळून एका बाजूला थेंब लोंबायला लागले. तेव्हा करायचं होतं एवढंच, की रॉड हातात धरून दर दोन-चार मिनिटांनी अर्धा फेरा फिरवत बसायचं. मी मात्र ब्रशने ते थेंब सारखे करायला गेलो. अर्धवट घट्ट झालेलं इपॉक्सी धाग्यासकट ओढलं गेलं. सकाळी वर मेणचट, पांढुरका थरही आला होता. हवा दमट असली की इपॉक्सीवर असं होतं, हे तेव्हा मला माहीत नव्हतं. तीन गाईड कापून काढावे लागले. त्या दिवशी मला फार वाईट वाटलं, कारण वडील रोज संध्याकाळी येऊन शेजारी बसून ते काम बघत होते.

त्यानंतर येवल्याला मावशीकडे गेलो. तिच्याकडे पैठणीचा माग आहे. संध्याकाळ झाली तशी ती मागावरून उठली आणि खाली बसून कांड्या (आडव्या धाग्याच्या नळ्या) भरायला लागली. मी विचारलं, पदर एवढा जवळ आलाय, संपवत का नाहीस? ती म्हणाली, "दिव्याखाली विणलेलं सकाळी उसवावं लागतं रे. कांड्या भरताना चुकलं तर काही बिघडत नाही, म्हणून संध्याकाळी त्याच भरते."

मला जे हवं होतं ते या एका वाक्यात मिळालं. मी धीर म्हणजे स्वभाव समजत होतो. मावशीने दिवसाची वाटणी केली होती. कुठली चूक परत फिरवता येते आणि कुठली नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

रॉडच्या कामात ही रेघ अगदी ठळक आहे. इपॉक्सी लागेपर्यंत जवळजवळ सगळं परत फिरवता येतं. गाईडच्या पायाचं (रॉडला टेकणाऱ्या पट्टीचं) टोक कानशीने नीट निमुळतं केलं नसेल तर धागा त्यावर चढताना फट राहते. धागा सोडा, पाय घासा, पुन्हा बांधा. फेऱ्यांमध्ये बारीक फटी असतील तर पेनाच्या गुळगुळीत टोपणाने घासून त्या मिटतात. गाईड वाकडा बसला असेल तर बांधल्यावरही हलक्या हाताने सरकवता येतो. टोकाचा गाईड मी हॉट ग्लूने बसवतो, तो गरम केला की निघतो. इपॉक्सीच्या आधी रॉडमध्ये दोरी ओवून, टोक बांधून रॉड वाकवून बघा. दोरी ब्लँकला (रॉडच्या मूळ दांड्याला) घासत असेल तर गाईडची जागा बदला. या सगळ्यात चुका होऊ द्या, हवं तर भरभर करा. दहा वेळा सोडलात तरी वाया जातो तो फक्त धागा. मी तर झाडूच्या काठीवर महिनाभर नुसता धागा गुंडाळत होतो. शेवटच्या सहा-सात फेऱ्यांखाली दोरीचा फासा ठेवून त्यातून टोक ओढून घेणं, हे तिथेच हातात बसलं.

चिकटवणं आणि इपॉक्सी ही दोन कामं मात्र दमलेल्या हाताने करायची नाहीत. मी ती आता फक्त सुट्टीच्या दिवशी सकाळी करतो, पावसाळी हवा असेल तर करतच नाही. इपॉक्सीचे दोन्ही भाग वेगवेगळ्या सिरिंजने अगदी सारखे मोजतो. अंदाजाने ओतत नाही. चार-पाच मिनिटं सावकाश ढवळतो, भांड्याच्या कडा आणि तळ खरवडत. मग ते मिश्रण फॉइलवर पसरतो. भांड्यात गोळा राहिलं तर स्वतःच्याच उष्णतेने लवकर घट्ट होतं. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा चांगलाच उतरतो, तेव्हा ते मधासारखं जड होतं आणि बुडबुडे निघत नाहीत. झाकण घट्ट लावलेल्या बाटल्या आधी थोडा वेळ कोमट पाण्यात ठेवल्या की काम सोपं होतं. उरलेले बुडबुडे स्पिरिटच्या दिव्याची आच खालून क्षणभर फिरवली की फुटतात. थांबवायची नाही, फक्त फिरवायची.

आता तुमचा चिकट राहिलेला थर. तीन दिवसांनीही चिकटत असेल तर माप चुकलंय किंवा ढवळणं कमी पडलंय. अजून आठवडाभर वाट बघून तो वाळेल असं मला वाटत नाही. पण खरवडायलाही जाऊ नका. नीट मोजलेला, नीट ढवळलेला दुसरा थर त्यावर दिला की बहुतेक वेळा तो कडक होतो आणि खालचा चिकटपणा झाकला जातो. माझ्या दुसऱ्या रॉडचे दोन गाईड असेच वाचले.

इपॉक्सी कशाने मोजलंत, किती वेळ ढवळलंत आणि त्या दिवशी हवा कशी होती, ते खाली लिहा. दुसरा थर द्यायच्या आधी एकदा बघू.