पुअर बॉक्सच्या टेबलावरून

प्रिय पोरी,

तुझा मेसेज परवा रात्री वाचला. उत्तर फोनवर टाइप करत बसले असते तर अंगठा गेला असता, म्हणून हे पत्र. दोन नोकऱ्या हातात आहेत म्हणतेस. एक महापालिकेच्या रुग्णालयात सोशल वर्करची, कंत्राटी. दुसरी अंधेरीकडच्या मोठ्या खाजगी रुग्णालयात ‘फायनान्शियल काउन्सेलर’ची, पगार जवळजवळ दुप्पट, वर एसी केबिन. आणि शेवटी जाता जाता एक वाक्य टाकलंयस: ‘नाहीतरी सरकारी हॉस्पिटलं आता प्रायव्हेटला द्यायलाच हवीत ना मॅडम? निदान स्वच्छ तरी राहतील.’

आधी नोकरीचं सांगणार होते, पण त्या वाक्यानं दोन दिवस डोकं खाल्लं.

तेहतीस वर्षं मी पालिकेच्या रुग्णालयात पुअर बॉक्सच्या, म्हणजे गरीब पेशंटसाठीच्या मदतनिधीच्या, टेबलावर बसले. तू इंटर्नशिपला होतीस तेव्हा ते टेबल पाहिलंयस, डावा खण अडकणारं. समोर येणाऱ्या माणसाच्या हातात साडीच्या दुकानाची प्लॅस्टिकची पिशवी. पिशवीत केसपेपर, एक्स-रे, रेशनकार्डाच्या सहा झेरॉक्स, तहसीलदाराचा दाखला आणि तळाशी एखादी लग्नपत्रिका, कारण पत्ता लिहायला दुसरा कागद मिळाला नाही. माणूस बसत नाही. बसा म्हटलं तरी खुर्चीच्या कडेला टेकतो. बायको वॉर्डात असते, ऑपरेशन ठरलेलं असतं आणि बाहेरून आणायच्या रॉडचे पैसे कमी पडत असतात. मग मी अर्ज भरायचा, सिद्धिविनायक न्यासाला एक, दुसऱ्या ट्रस्टला दुसरा, उरलेलं पुअर बॉक्समधून. तो ‘साहेब’ म्हणायचा मला. मॅडम म्हणा म्हटलं की ‘हो साहेब’.

आता त्या दुसऱ्या नोकरीचं बघ. तिथेही टेबलच आहे आणि समोर घाबरलेलं माणूसच आहे. फरक एवढाच की माझ्या टेबलाशी माणूस आला तेव्हा त्याची बायको आधीच पलंगावर होती, सलाईन चालू होतं. तुझ्या टेबलाशी येईल तेव्हा पेशंट बहुधा अजून स्ट्रेचरवर असेल. सरकारी-खाजगीची भांडणं मी खूप ऐकली, व्याख्यानं ऐकली, एकदोन दिलीसुद्धा. पण माझ्यापुरता निकष हाच राहिला: पैशाचं बोलणं इलाजाच्या आधी होतं की नंतर.

हे मला टेबलावर बसून कळलं असं म्हणाले तर खोटं होईल. कळलं ते २०१६ साली, पहाटे दोन वाजता. यांच्या छातीत दुखायला लागलं. आमच्या घरापासून माझं स्वतःचं रुग्णालय टॅक्सीनं पंधरा मिनिटं. मी यांना तिथे नेलं नाही. मला माहीत होतं, त्या वॉर्डात दोन पलंगांच्या मध्ये गादी टाकलेली असणार. मी एका ट्रस्टच्या रुग्णालयात नेलं. काउंटरवर तुझ्याच वयाची एक मुलगी होती, केस नीट बांधलेले, आवाज एकदम मऊ. म्हणाली, ‘मॅम, डिपॉझिट कार्ड की कॅश?’ आत कुणी यांचा ईसीजी अजून काढला नव्हता. ज्या बाईनं हजारो नातेवाइकांना सांगितलं होतं की धर्मादाय रुग्णालयाला तातडीच्या पेशंटला आधी दाखल करावंच लागतं, गरिबाकडे डिपॉझिट मागता येत नाही, त्या बाईनं काही न बोलता कार्ड पुढे केलं. मी गरीब नव्हते, हेही खरं. पण माझ्या मागे लुंगीतला एक माणूस आईला घेऊन उभा होता आणि मी वळून बघितलंसुद्धा नाही.

हे बरे झाले. बिल भरलं. सोमवारी मी माझ्या टेबलावर हजर.

तुझ्या ‘स्वच्छ तरी राहतील’चं उत्तर मला त्या रात्रीतच सापडतं. महापालिकेचा वॉर्ड असा का झाला? पैसा कमी, माणसं कमी, सगळं खरं. २०१७च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणानं २०२५पर्यंत सरकारी आरोग्य खर्च जीडीपीच्या अडीच टक्क्यांवर न्यायचं म्हटलं होतं. सरकारच्याच २०२१-२२च्या हिशेबात तो १.८४ टक्के होता. पण खर्च वाढवा म्हणून ओरडणार कोण? ज्याचं ओरडणं नगरसेवकाला ऐकू जातं तो केव्हाच मेडिक्लेम काढून निघून गेलाय. मीसुद्धा त्यातलीच. ज्या संडासात आपल्या आईला जायचं नाही, त्याच्या कडीसाठी आपण अर्ज करत नाही. रांगेत राहतो तो ज्याला तक्रारीचा अर्ज कुठे द्यायचा हेही ठाऊक नसतं. असं रुग्णालय उद्या ठेकेदाराला दिलंस तर फरशी चकचकीत होईलही. फक्त तिथे पोचायच्या आधी एक काउंटर लागेल.

आणि हे खाजगीला देणं एका दिवसात होत नाही गं. आमच्याकडे आधी सुरक्षा रक्षक कंत्राटी झाले, मग सफाई. मग एमआरआय बाहेरच्या सेंटरला. उपनगरातल्या काही रुग्णालयांत आयसीयू चालवायला बाहेरच्या संस्था आल्या. प्रत्येक वेळी कारण पटण्यासारखं होतं, मी स्वतः दोनदा मान हलवली आहे. मरोळचं सेव्हन हिल्स रुग्णालय तुझ्या कॉलेजच्या काळात बातम्यांत असायचं. जमीन पालिकेची, बांधायचं-चालवायचं खाजगी कंपनीनं, बदल्यात वीस टक्के खाटा पालिकेच्या पेशंटना. कागदावर कुणालाही आवडेल अशी योजना. पुढे वाद, थकबाकी, दिवाळखोरीचं प्रकरण. आणि २०२०मध्ये करोना आला तेव्हा त्याच इमारतीत पालिकेनं खाटा लावल्या आणि लोकांना फुकट उपचार दिले. भिंती त्याच होत्या, लिफ्ट त्याच होत्या.

खाजगी पैशाचा मला विटाळ आहे असं समजू नकोस. परळचं केईएम १९२६चं. त्याच्या कॉलेजला शेठ गोर्धनदास सुंदरदासांच्या इस्टेटीतून देणगी मिळाली ती भारतीय डॉक्टरच नेमायचे या अटीवर. नायरचं कॉलेज १९२१चं, असहकाराच्या वाऱ्यातलं. टाटा मेमोरियल १९४१ साली टाटांच्या ट्रस्टनं काढलं, १९५७मध्ये ते केंद्राच्या आरोग्य खात्याकडे गेलं आणि १९६२मध्ये अणुऊर्जा खात्याकडे, ज्याची मला अजूनही गंमत वाटते. तिथे जनरल आणि प्रायव्हेट अशा दोन फायली निघतात, प्रायव्हेटवाला जास्त भरतो, डॉक्टर दोघांना तेच. म्हणजे श्रीमंतानं पैसे दिले म्हणून काही बिघडत नाही. बिघडतं ते नफा दाखवायचा असला की. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभरात सरकारी रुग्णालयांतली १४ टक्के बाळंतपणं सिझेरियननं झाली होती आणि खाजगीतली ४७ टक्के. दोन्हीकडचे डॉक्टर एकाच कॉलेजातून शिकलेले, बायकांची हाडंही तीच.

माझा भाचा बर्मिंगहॅमला असतो. तो सांगतो, तिथे गुडघ्याच्या ऑपरेशनला लोक वर्षवर्ष थांबतात. १८ आठवड्यांत उपचार सुरू व्हायचा नियम कागदावर. शिव्या घालतो एनएचएसला, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेला. मी विचारलं, बिल किती आलं तुझ्या बायकोच्या बाळंतपणाचं? म्हणाला, कसलं बिल? ५ जुलै १९४८पासून त्यांच्याकडे हे असं चालू आहे. आपल्याकडे आरोग्यव्यवस्था कशी असावी हे सांगायला नेमलेल्या भोर समितीनं त्याच्याही दोन वर्षं आधी, १९४६मध्ये, लिहून ठेवलं होतं की पैसे नाहीत म्हणून कुणी उपचारावाचून राहू नये. अहवाल झाला. पुढे गिरणी कामगाराला ईएसआयएस, म्हणजे कामगार विमा योजना, मिळाली, सरकारी नोकराला त्याची स्वतंत्र योजना आणि बाकीच्यांना पालिकेची रांग. माझे वडील लालबागच्या गिरणीत. १९८२च्या संपात नोकरी गेली, तिच्यामागून ईएसआयएसचं कार्ड. खोकला मात्र राहिला. तो घेऊन ते पालिकेच्या रांगेत उभे राहिले तेव्हा मी कॉलेजात होते, आणि या कामात का आले ते तुला वेगळं सांगायला नको.

आता म्हणशील, मॅडम, आता तर कार्ड आहे, पाच लाखांचं कव्हर आहे. आहे, आणि त्यानं पुष्कळ माणसं वाचली आहेत. राज्य सरकारच्या महात्मा फुले आरोग्य योजनेत मी स्वतः किती बायपास करून घेतल्या त्याची गणती नाही. पण कार्ड खाटेवर झोपलेल्या माणसाचं असतं. घरी गेल्यावरची साखरेची, बीपीची गोळी, महिन्यातून एकदाची तपासणी, विरारहून परळला यायचं भाडं, बुडालेली रोजी, यातलं फार थोडं त्यात बसतं. सरकारी हिशेबात लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४च्या ६४ टक्क्यांवरून २०२१-२२मध्ये ३९वर आला आहे. माझ्या टेबलासमोरच्या पिशव्या काही त्या मानानं हलक्या झाल्या नाहीत, पण मी एकाच टेबलावरून बघत होते.

तर नोकरी. खाजगीत जाऊ नकोस असं मी म्हणणार नाही. तुझ्या वडिलांचं कर्ज मला माहीत आहे आणि कंत्राटी पगार तीन-तीन महिने लटकतो तेही. गेलीस तर मात्र पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट शोधून काढ: ते रुग्णालय धर्मादाय म्हणून नोंदलेलं आहे का. असेल तर त्याला सार्वजनिक विश्वस्त कायद्याचं कलम ४१ कक लागू आहे. उच्च न्यायालयानं २००६मध्ये मंजूर केलेल्या योजनेप्रमाणे दहा टक्के खाटा निर्धनांना मोफत, दहा टक्के दुर्बल घटकांना सवलतीत, आणि बिलांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत. हे तुला ट्रेनिंगमध्ये कुणी सांगणार नाही. पाटी कुठेतरी झाडाच्या कुंडीमागे लावलेली असते. किती खाटा रिकाम्या आहेत ते रोज सकाळी स्वतः वॉर्डात जाऊन बघ, कॉम्प्युटरवर विश्वास ठेवू नकोस. नातेवाइकानं विचारलं नाही तरी सांग. वरून दटावणी आली तर आवाज चढवू नकोस, फक्त ‘लेखी द्या सर’ म्हण. लेखी कुणी देत नाही. मला तेहतीस वर्षांत दोनदा मिळालं, दोन्ही वेळा साहेबांची बदली ठरलेली होती.

एस्टिमेट सांगताना कधी नुसता आकडा पुढे सरकवू नकोस. ओळीनं वाचून दाखव. औषध किती, रूम किती, ‘कन्झ्युमेबल्स’मध्ये काय काय धरलंय. माणूस ओळ ऐकतो तेव्हा त्याला प्रश्न सुचतो. नुसता आकडा ऐकला की तो दागिन्यांचा विचार करायला लागतो. आणि ज्याला परवडणारच नाही हे तुला दिसतंय, त्याला तीन दिवस आयसीयूत ठेवून, रिकामा करून, मग सायन-केईएमला पाठवायचं नाही. हे मी शेकडो वेळा दुसऱ्या टोकाला बसून पाहिलंय. अॅम्ब्युलन्समधून पेशंट उतरतो, हातात फाइल जाडजूड आणि खिशात काही नाही. पाठवायचंच असेल तर पहिल्या तासात, फोन करून, खाट आहे का विचारून, सोबत चिठ्ठी देऊन पाठव.

पालिकेत आलीस तर तुझा दिवस बाहेरच्या दुकानात पाठवायच्या चिठ्ठ्यांशी भांडण्यात जाईल. जे औषध स्टोअरमध्ये असायला हवं ते बाहेरून आणायला सांगितलं की वहीत लिही: तारीख, वॉर्ड, औषध. मी लिहायचे. दर तीन महिन्यांनी ती वही डीन ऑफिसला द्यायचे. पाच वेळा काही झालं नाही, सहाव्यांदा दोन अँटिबायोटिक्स स्टोअरला आली. ती वही अजून माझ्याकडे आहे, हवी तर नमुना म्हणून घेऊन जा.

निर्णय या आठवड्यात कळवायचा आहे म्हणतेस ना? मग सोमवारी सकाळी सात वाजता परळ स्टेशनबाहेर ये. केसपेपरच्या रांगेत उभ्या राहू, दोघी, पेशंट म्हणून. माझा गुडघा दाखवायचाच आहे, या वेळी तिथेच दाखवीन म्हणते. आधार कार्ड मी आणते. तू पाण्याची बाटली आण आणि चप्पल जुनी घाल.

तुझी,
मॅडम