वाचक विचारतात: गच्चीवरचा जुना अँटेना नव्या टीव्हीला चालेल का?

प्रश्न : मुलुंडला आमच्या गच्चीवर बाबांनी लावलेला अँटेना अजून आहे. केबल बंद करून त्यावर सह्याद्री दिसेल का?
– एक वाचक, मुलुंड

उत्तर : ताई, तो काढून भंगारवाल्याला द्या. लांबलांब दांड्यांचा तो अँटेना जुन्या अ‍ॅनालॉग प्रक्षेपणासाठी होता. दूरदर्शनने २०१६ मध्ये मुंबईसह सोळा शहरांत डिजिटल प्रक्षेपण सुरू केलं, ते डीव्हीबी-टी२ पद्धतीचं. त्याला आखूड दांड्यांचा यूएचएफ अँटेना लागतो. पण आधी टीव्हीच्या माहितीपुस्तिकेत ‘डीव्हीबी-टी२’ लिहिलंय का ते पाहा. नुसतं ‘डिजिटल’ लिहिलेलं पुरत नाही. दुकानदार ‘सगळं चालतं’ म्हणतील, त्यावर जाऊ नका.

दूरदर्शनचा प्रक्षेपण मनोरा वरळीला, म्हणजे तुमच्याकडून नैर्ऋत्येला. अँटेनाचं तोंड तिकडे, दांड्या आडव्या. मग सेटिंगमध्ये ‘केबल’ऐवजी ‘अँटेना’ निवडून चॅनेल शोधा. मुंग्या येणार नाहीत; सिग्नल कमी पडला तर चित्र अडकतं किंवा जातंच. समोर उंच इमारत उभी असेल तर अँटेना उंच करा.

चॅनेल मात्र मोजकी, तीही दूरदर्शनचीच. घरात मालिकांवरून भांडणं होणार असतील तर सरळ डीडी फ्री डिश घ्या. तिला मासिक भाडं नाही. छत्री आग्नेयेकडे लागते.