ताईंच्या शोकसभेत बोलण्याआधी

तुर्भ्याच्या शाळेत तू ताईंच्या जागी आलीस आणि शोकसभेत बोलायचंही तुझ्याकडेच आलंय. घाबरू नकोस. जन्म, शिक्षण, पुरस्कार एका वाक्यात उरक, ते मुख्याध्यापक सांगतीलच. तू त्यांचं काम सांग. दगडखाणीतल्या, नाक्यावरच्या मजुरांची मुलं कागद नाहीत म्हणून दारातून परत जायची, तेव्हा ताई 2009 चा शिक्षण हक्क कायदा पुढे ठेवायच्या. वयाचा पुरावा नाही, शाळा सोडल्याचा दाखला नाही, म्हणून पहिली ते आठवीचा प्रवेश अडवता येत नाही. मूल वयानुसार वर्गात बसतं. हे सभेतल्या पालकांच्या कानावर पडलंच पाहिजे, अजूनही कित्येकांना ठाऊक नाही.

एक मात्र कटाक्षाने पाळ. 1098 या मुलांच्या मदतीच्या हेल्पलाइनवर फोन करून ताईंनी ज्या मुलींना सोडवलं, त्यांचं नाव, वस्ती, इयत्ता, काहीही उच्चारू नकोस. पोक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याच्या, प्रकरणात मुलाची ओळख जपणं कायद्यानेच बंधनकारक आहे, आणि ताई तर स्वतःच्या डायरीतही आद्याक्षरंच लिहायच्या.

त्याआधी शाळेतल्या मावशींना आणि रिक्षावाल्या काकांना भेट. रात्री कुणाच्या घरी ताई किती वेळ बसून राहायच्या, हे त्यांनाच माहीत. बोलताना गळा दाटला तर थांब, पाणी पी आणि पुढे बोल.