मलूल बाळाला ‘लेझी’ म्हणू नका

तुम्ही विचारलंय, की सुस्त, मरगळलेला, निपचित या सगळ्यांसाठी तुमच्याकडून ऑफिसच्या इंग्रजी मेलमध्ये ‘लेझी’ नाहीतर ‘डल’च लिहिलं जातं, तर दुसरे कोणते शब्द आहेत? शब्द ढिगाने आहेत. पण आधी ‘लेझी’ बाजूला ठेवा, कारण त्याने माझी एकदा चांगली जिरवली आहे.

मी मराठीतून इंग्रजीत भाषांतरं करतो. सुरुवातीच्या दिवसांत खेड्यातल्या आयांच्या मुलाखती कामाला आल्या होत्या. एक बाई सांगत होती, ‘पोरगं दोन दिस नुसतं मलूल पडून व्हतं.’ मी बिनधास्त लिहून टाकलं, बाळ दोन दिवस लेझी होतं. मजकूर तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी समासात लाल शाईने विचारलं, ‘बाळाने कोणतं काम टाळलं?’

तिथे हवा होता ‘लेथार्जिक’. आणि हा शब्द दवाखान्यात मोठ्या वजनाचा आहे. लहान मुलांचं आजारपण तपासायची जागतिक आरोग्य संघटनेची जी पद्धत आहे, तिच्यात धोक्याच्या खुणा ठरलेल्या आहेत: मूल पीत नाही, पोटात गेलेलं सगळं ओकतं, झटके येतात, किंवा ते लेथार्जिक अथवा बेशुद्ध आहे. यातली एक जरी दिसली तरी लगेच मोठ्या दवाखान्यात पाठवायचं. लेझी हा ठपका आहे, लेथार्जिक ही अवस्था. आळशी माणसावर ओरडता येतं, मलूल माणसावर ओरडून काय उपयोग? मराठीत आपण हा फरक न चुकता पाळतो, इंग्रजीत शिरलो की विसरतो. (‘लेझी आय’ म्हणजे आळशी डोळा, हे नजरेच्या एका दोषाचं नाव, एवढा अपवाद. तिथे बिचाऱ्या डोळ्याची काही चूक नसते.)

विसरण्यावरून आठवलं. लेथार्जीच्या पोटात दोन ग्रीक शब्द आहेत. ‘लेथे’ म्हणजे विस्मरण आणि ‘आर्गोस’ म्हणजे काम न करणारा. हाच आर्गोस आर्गन वायूच्या नावात बसलाय. रॅली आणि रॅमझी या शास्त्रज्ञांनी १८९४ मध्ये हा वायू हवेतून वेगळा काढला, तर तो कशाशीच संयोग पावेना, म्हणून नावच ऐदी ठेवलं. हवेत तो जेमतेम एक टक्का. पण वर्कशॉपमध्ये ‘आर्गन वेल्डिंग’ म्हणतात ते याच्याच जिवावर चालतं: तापलेल्या धातूभोवती हा ढिम्म वायू सोडला, की बाहेरची हवा तिथवर पोचत नाही आणि जोड खराब होत नाही. अशा ढिम्मपणाला इंग्रजीत ‘इनर्ट’ म्हणतात. तो शब्द वस्तूंनाच ठेवा. माणसाला लावलात तर दगड म्हटल्यासारखं होतं.

माझा लाडका शब्द ‘लिस्टलेस’. यातल्या ‘लिस्ट’चा यादीशी काही संबंध नाही. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ इच्छा, वासना असा होता. म्हणजे ज्याला कशाचीच इच्छा उरलेली नाही तो. टायफॉइडमधून उठलेला माणूस खिडकीत बसून असतो, चहा पुढे ठेवला तरी ‘राहू दे’ म्हणतो, ‘मन लागत नाही’ म्हणतो, तो लिस्टलेस. मराठीत एका शब्दात मला हे अजून साधलेलं नाही.

‘टॉर्पिड’ म्हणजे बधिर, गारठून थिजलेला. थंडीत पडून राहिलेल्या सापाला शोभतो. मजा अशी, की पाण्यातून सुसाट येणारा टॉर्पेडो याच मूळ शब्दावरून आलाय. विजेचा झटका देऊन भक्ष्य बधिर करणाऱ्या एका माशाचं ते नाव होतं, ते पुढे शस्त्राला चिकटलं.

‘डॉर्मंट’ म्हणजे निजलेला, पण उठू शकेल असा. ज्वालामुखी, बी, आणि तुमचं बँकेतलं जुनं खातं. दोन वर्षांहून अधिक काळ तुम्ही स्वतः काही व्यवहार केला नाही, की बँक ते निष्क्रिय धरते. केवायसी घेऊन गेलात की जागं होतं. ‘स्टॅग्नंट’मध्ये तशी आशा नाही. मूळ लॅटिन शब्द डबक्याचा, आणि वासही तोच. म्हणून संथ तळ्याला ‘स्टिल’ म्हणा, साचलेल्या गटाराला स्टॅग्नंट. निपचित पडलेल्याला ‘मोशनलेस’ पुरतं.

‘स्लगिश’ बाजाराला, नेटला आणि पोटालाही चालतो. ‘स्लग’ म्हणजे बिनशंखाची गोगलगाय, हे खरं, पण हा शब्द आधी आळशी माणसाचा होता. गोगलगाईला तो नंतर मिळाला.

आता तुमच्या मेलचं. विक्री थंड आहे, तर ‘स्लगिश’. फाइल पडून आहे, तर ‘पेंडिंग’. आपल्याकडे ती पडते, इंग्रजीत ती लटकते, एवढाच फरक. आणि सकाळी अंगात त्राण नाही म्हणून रजा हवी असेल, तर साहेबांना ‘फीलिंग लेझी’ लिहू नका. ‘अनवेल’ लिहा आणि झोपा.