पुन्हा नीट द्यावी का?

प्रश्न : ताई, मेडिकल प्रवेशाच्या नीट परीक्षेत 720 पैकी 412 आले. बायोलॉजी 290, केमिस्ट्री 84, फिजिक्स फक्त 38. बाबा म्हणतात, बीएस्सीला नाव घाल. भंवरकुआँला आणखी वर्षभर क्लास लावू का?
– एक वाचक, इंदूर

उत्तर : अगं, 412 राहू दे, त्या 38 कडे बघ. फिजिक्सचे प्रश्न 45. बरोबरला 4, चुकलं की उणे 1. किती सोडलेस आणि किती ठोकून दिलेस, ते मोज. ठोकाठोकी सुधारता येते. मेकॅनिक्सच कळत नसेल, तर क्लासआधी दोन महिने अकरावीचं पुस्तक सोडव. मीही पीएमटीला, म्हणजे नीटआधीच्या मेडिकल प्रवेश परीक्षेला, दुसऱ्यांदा बसले होते. त्याच वह्या वाचल्या, मार्कही तेवढेच! बाबांचंही ऐक, बीएस्सीला नाव घाल. नीटला प्रयत्नांची मर्यादा नाही.